आवाहन : छात्राध्यापकांच्या पडताळणी वर्गासाठी

सप्रेम नमस्कार,

मोबाइलवर फिरणारे फोटो, चित्रफिती, निरोप खरे की खोटे हे तपासायला भावी शिक्षकांना शिकवणारा आपल्या वाचनालयाचा पडताळणी वर्ग डिसेंबरात भरायचा आहे आणि त्यासाठी हाताशी पैसे नाहीत, म्हणून घाईने हे लिहितो आहे.

हा वर्ग उभा राहिला तो देणाऱ्यांच्या जिवावर. पर्वती पायथ्याच्या आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पेन्शनमधून पहिला धनादेश दिला, वर 'फलकावर नाव लावायचं नाही' असं बजावलं. लक्ष्मी रस्त्यावरच्या आपल्या कापडवाल्या सभासदांनी दुकानावरचा हॉल दिला, पंखे बसवून दिले. रविवारचा चहाही आजतागायत त्यांच्याकडूनच येतो. अप्पा बळवंत चौकातल्या आपल्या छापखानेवाल्यांनी पुस्तिका निव्वळ कागदाच्या भावात छापली. पहिल्या तुकडीच्या मुली आज भोर, जुन्नरकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतात. पालकांच्या ग्रुपवर काही आलं की आधी तपासतात, मग बोलतात. त्यांचे फोन येतात तेव्हा ऊर भरून येतो.

वर्गात २०१८ साली देशभर फिरलेली एक चित्रफीत दाखवतो. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं मूल उचलून पळतात. मग मूळ फिल्म लावतो. ती कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली. शेवटी तेच दोघे मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. नेमका तो शेवट कापून फिरवला गेला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. अशा वेळी गाव शाळेतल्या गुरुजींकडे, बाईंकडे बघतं. फोटो मूळचा कुठला हे शोधणं, इंटरनेटवर दुसरी टॅब उघडून ही माहिती सांगणारा मुळात कोण ते पाहणं, एवढं तरी त्यांना यायलाच हवं. डी.एल.एड., बी.एड.च्या पोरांचा सगळा वेळ सराव पाठ आणि टाचणांत जातो. त्यांना हे हाताला धरून कोणीतरी शिकवावं लागतं.

गेल्या वर्षी हेच आवाहन महिनाभर फलकावर होतं. विचारायला फार थोडे आले. 'मोबाइल बंद ठेवा म्हणावं, वर्ग कशाला?' असंही आपल्याच माणसांकडून ऐकावं लागलं. ते मनाला लागलं. तुकडी निम्म्यावर आणावी लागली आणि मावळातून आलेल्या मुलींना परत पाठवावं लागलं. यंदा ती वेळ येऊ देऊ नका.

वर्ग : डिसेंबरचे पहिले चार रविवार, सकाळी ९ ते १२. छात्राध्यापक ४०, प्रत्येकी खर्च ५०० रु. (पुस्तिका, इंटरनेट, बाहेरगावच्यांचं एसटी भाडं), एकूण २०,००० रु. धनादेश वाचनालयाच्या नावे. रोख रक्कम कार्यालयातच द्यावी, पावती मागून घ्यावी. चालू स्थितीतले जुने लॅपटॉपही हवेत. शिकवायला येऊ शकणाऱ्या पत्रकार व शिक्षक सभासदांनी देवघेवीच्या वेळेत नाव नोंदवावं. मुदत ३० नोव्हेंबर.

आपला,
कार्यवाह