गच्चीवरचा ऑनलाइन रेडिओ आणि खरखर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किवीएसडीआरसारखा (इंटरनेटला जोडता येणारा छोटा रेडिओ) संच लावून 10 किलोहर्ट्झ ते 30 मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी इंटरनेटवर ऐकवणाऱ्यांची पहिली तक्रार खरखरीची असते. दोष बहुधा अँटेनाचा नसतोच! एलईडी दिवे, चार्जर, लिफ्टची मोटर यांचा गोंगाट कोॲक्स केबलच्या (अँटेना ते संच जोडणाऱ्या तारेच्या) बाहेरच्या जाळीवरून संचात शिरतो. केबलचे दहा-बारा वेढे फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून घ्यावेत. खरखर वाढवणाऱ्या स्विचिंग अडॅप्टरऐवजी (मोबाइल चार्जरसारखा) ट्रान्सफॉर्मरचा 5 व्होल्ट पुरवठा द्यावा. पुण्यात आकाशवाणीच्या 792 किलोहर्ट्झच्या जोरदार लहरीने संच गुदमरला, तर लूपची (कड्याच्या आकाराच्या अँटेनाची) सपाट बाजू केंद्राकडे फिरवावी. मध्यमलहरी अडवणारा फिल्टर लावल्यास दूरची मध्यमलहरी केंद्रेही हातची जातात. वळवाच्या दिवसांत मात्र विजांमुळे अँटेनाची केबल काढून ठेवा, ही कळकळीची विनंती.

— एक रेडिओप्रेमी, पुणे