म्यूटचे बटण कोणाच्या हाती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च २०२२ मध्ये सोलापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत जवळपास चार वर्षे शहराचे ठराव प्रशासकांच्याच सहीने झाले. आता १०२ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा आले आहे. सर्वसाधारण सभा ऑनलाइन दाखवा, लोकांना घरून भाग घेऊ द्या, ही मागणी कुठल्याही शहरात निघाली की उत्तर ठरलेले असते: कॅमेरे बसवू. पण कॅमेरा हे यातले सर्वांत सोपे काम आहे. आधी नियम लिहावे लागतात, आणि त्यांत पहिला नियम म्यूटच्या बटणाचा.

जुलै २०२० मध्ये नगरविकास विभागाने सभा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायला सांगितल्या, तेव्हा 'विरोधात बोलायला लागलो की आवाज बंद होतो' ही तक्रार राज्यात अनेक ठिकाणी झाली. काही वेळा हेतू वाईट असेलही, पण यंत्राचा स्वभावही तसाच आहे. शंभर जण जोडलेले असतात, एकाचा माईक चालू राहतो आणि त्याच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांना ऐकू येतात. ऑपरेटर वैतागून 'म्यूट ऑल' दाबतो आणि बोलणाराही त्यात गप्प होतो. बहुतेक अॅपमध्ये होस्टला आवाज बंद करता येतो, पण दुसऱ्याचा माईक परस्पर चालू करता येत नाही, फक्त तशी विनंती पाठवता येते. ती खिडकी मोबाइलवर दिसली नाही तर सदस्य तावातावाने बोलतच राहतो आणि ऐकू कुणालाच जात नाही. इतिवृत्तात मात्र 'चर्चेअंती मंजूर'. म्हणून 'म्यूट ऑल' फक्त सभा सुरू होण्यापूर्वी वापरावे. नंतर एखाद्याचा आवाज बंद करायचा तर तो पीठासन अधिकाऱ्यांच्या आदेशाने, नगरसचिवांमार्फत, आणि वेळ व कारण इतिवृत्तात लिहूनच.

दुसरे म्हणजे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळू नयेत. नागरिकाने घरून सभा ऐकणे वेगळे आणि नगरसेवकाने घरून मत देणे वेगळे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे. त्यानुसार सभा मुळातच लोकांसाठी खुली असते. गॅलरीत बसून ती कुणालाही पाहता येते. थेट प्रक्षेपण ही त्या गॅलरीचीच वाढ आहे आणि त्यासाठी मुंबईत शासनाकडे बघत बसायची गरज नाही. मतदानाचे तसे नाही. कायदा झाला तेव्हा 'हजर' म्हणजे सभागृहात बसलेला एवढाच अर्थ होता. २०२० ची सूट साथीपुरती होती. घरून दिलेल्या मतावर ठराव झाला आणि कुणी न्यायालयात गेले तर तो ठराव तगेल का, हा धोका आहे. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकतृतीयांश आहे, म्हणजे स्वीकृत सदस्य सोडले तर ३४. ही ३४ डोकी सभागृहात प्रत्यक्ष दिसली पाहिजेत, यावर तडजोड नको.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे उघड सभांचा कायदा १९५३ पासून आहे आणि सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लावावी लागते. साथीनंतर सिटी कौन्सिलच्या सदस्यांना घरून बसायची सवय सुटेना, तेव्हा २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत अटी घातल्या गेल्या: कोरम एकाच जागी प्रत्यक्ष हजर हवा, दूरच्या सदस्याचा आवाज आणि चेहरा दोन्ही चालू हवेत, त्याच्या खोलीत १८ वर्षांवरील दुसरे कुणी असेल तर ते जाहीर करावे, मतदान नाव पुकारून घ्यावे. आजारपण, मूल सांभाळणे अशा कारणांची सवलत वर्षात दोनच सभांना होती. सर्वांत मोलाची अट मात्र वेगळीच. प्रक्षेपण बंद पडले तर ते पूर्ववत होईपर्यंत विषयपत्रिकेवरचा एकही निर्णय घ्यायचा नाही. आपल्याकडे नेमके वादग्रस्त विषयाला नेट जाते, आणि 'ऐनवेळचे विषय' तर नेटची वाटही बघत नाहीत. ही एक अट उचलली तरी पुष्कळ झाले. नगरसेवकांना घरून मत द्यायची सवलत हवीच असेल तर आजारपण, बाळंतपण, अपंगत्व एवढ्यापुरता ठराव करून शासनाकडे पाठवावा. सरसकट सवलतीला आमचा विरोधच राहील. मत मागायला दारोदार फिरता येते, तर सभागृहात यायला काय हरकत?

आता उपकरणांविषयी. सभा चित्रामुळे फसत नाही, आवाजामुळे फसते. टेबलाच्या टोकाला लॅपटॉप ठेवून त्याच्याच माईकवर सभा पकडायची, ही नेहमीची चूक. त्यात पंखा ऐकू येतो, नगरसेवक नाही. सभागृहाच्या माईक यंत्रणेच्या मिक्सरमधून वायर काढून ऑडिओ इंटरफेस या जोडउपकरणामार्गे आवाज थेट संगणकात न्यावा. दूरचा माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज सभागृहाच्या स्पीकरवर जावा, पण त्याच्याकडे परत जाणाऱ्या आवाजातून तो वगळावा. नाहीतर स्वतःचाच शब्द क्षणभराने कानावर येऊन तो अडखळतो. मिक्सर आणि संगणक वेगवेगळ्या प्लगवर असले की 'हम्म' असा घुमारा येतो. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की सहसा जातो, आणि तो काही महाग नसतो. ७२० पिक्सेलच्या प्रक्षेपणाला साधारण ३ ते ४ एमबीपीएस अपलोड पुरतो. तो सलग मिळण्यासाठी दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन हव्यात. संगणक यूपीएसवर आणि राउटर साध्या प्लगवर, हा प्रकार सरकारी कार्यालयांत इतका दिसतो की निविदेतच राउटर आणि मिक्सर यूपीएसवर असावेत असे लिहिलेले बरे.

खरा लाभ मात्र साध्या फोनवरून सभा ऐकण्याच्या सोयीत आहे. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईला दर हजार विड्यांमागे मजुरी मिळते. दुपारच्या सभेसाठी ती महापालिकेपर्यंत आली तर त्या दिवसाच्या विड्या राहिल्या. पण तिचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. एक नंबर फिरवला की सभा ऐकू यावी, एवढे तिला पुरते. स्मार्टफोन असेल तर ६४ केबीपीएसच्या निव्वळ आवाजाला तासाला २९ एमबीच्या आसपास डेटा लागतो. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या गावठाणांतही हेच चालेल. फोनवर जोडलेल्यांचे नंबर पडद्यावर सगळ्यांना दिसतात, ते झाकण्याची सेटिंग आधीच करून ठेवावी. शहर मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही बोलते. स्वयंचलित कॅप्शन सोलापुरी मराठीपुढेच हात टेकतात, मग बाकीच्यांचे काय? निदान विषयपत्रिकेचा सारांश चारही भाषांत आधी निघावा.

बोलण्याचा हक्क सर्वसाधारण सभेत नागरिकाला नाहीच, तो क्षेत्रसभेत, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेत आहे. तिची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे आणि बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. दूरस्थ सहभागाचा प्रयोग करायचा तर तिथे करावा. ड्रेनेज, दिवाबत्ती, उजनीचे पाणी किती दिवसांआड, हे विषय असे की माणसे बोलतील. नोंदणी मोबाइलच्या ओटीपीवर व्हावी. मिळकत कराच्या पावतीवर ठेवली तर भाडेकरू बाहेरच राहतील. प्रत्येकाला तीन मिनिटे, एक दूरचा आणि एक समोरचा असा आळीपाळीने क्रम, आणि आधी लेखी प्रश्न पाठवण्याची सक्ती नाही. चॅट बंद ठेवावी. तिथे शिवीगाळच जास्त होते आणि इतिवृत्तात त्यातले काही येत नाही. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये द्वेषपूर्ण फोन येऊ लागले, तेव्हा अनेक कौन्सिलांनी फोनवरून बोलण्याची सोयच काढून टाकली. दहा टवाळांपायी बाकीचे सगळे मुकले. विषय सोडून बोलणाऱ्याला एकदा समज, दुसऱ्यांदा आवाज बंद, आणि त्याची नोंद, एवढा नियम आधी लिहिलेला असता तर ती वेळ आली नसती.

ध्वनिमुद्रण माहिती अधिकारात मागावे लागू नये. कलम ४ नुसार ते महापालिकेने आपणहूनच संकेतस्थळावर ठेवावे, विषय क्रमांकानुसार वेळ टाकून. सहा तासांच्या फाइलमध्ये आपल्या गल्लीचा विषय शोधत बसायला कुणाला वेळ आहे? आणि सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला लिंक आणि फोन नंबर तोच ठेवावा, नोटिशीवर मोठ्या अक्षरांत छापून.

कळावे,
एक वाचक, जुळे सोलापूर