ताई, तो रकाना मी रिकामाच ठेवला

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

काल माझी तोंडी परीक्षा झाली. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण, संपलं. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान असतं आणि त्यात कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर हे आमच्याकडे ठरलेलं आहे. आधी विभागप्रमुख, मग गाइड, मग कार्यालय, मग आईवडील. अगदी शेवटी एक ओळ : 'क्षेत्रकार्यात सहकार्य करणाऱ्या सर्व आशा कार्यकर्त्या'. त्या 'सर्व'मध्ये तुम्ही आहात. बांधून आलेली प्रत हातात घेतली, ती ओळ वाचली आणि मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते. म्हणून हे पत्र लिहिते आहे आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमचं नाव लिहीत नाही. पाड्याचंही नाही. जव्हार तालुका एवढंच सांगते. त्याहून जास्त लिहिलं तर त्या घरातली बाई ओळखू येईल, आणि तसं होणार नाही असा शब्द मी तिला दिला आहे. तुम्ही मात्र चार ओळींतच ओळखाल. लेकीला फोनवरून वाचून दाखवायला सांगा.

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीचे सहा महिने कसे गेले, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझा आराखडा गाइडच्या टेबलावर चार महिने पडून होता. परत आला तेव्हा त्यावर दोनच शब्द होते : 'नमुना वाढवा', म्हणजे आणखी घरं घे. परवानगीच्या पत्रासाठी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या आणि तिन्ही वेळा साहेब दौऱ्यावर. तिथल्याच एकांनी मला सांगितलं की, बाई, पाड्यांवर कशाला हिंडतेस, सगळी माहिती संगणकावर आहे. आणि सगळ्यात लागलं ते पुढच्या वर्गातल्या एका मुलाचं बोलणं. तो अगदी आपुलकीने म्हणाला होता, 'दहाबारा घरं कर, उरलेले फॉर्म खोलीवर बसून भर. सगळे तेच करतात.' त्या रात्री मी आईला फोन करून कोर्स सोडते म्हणाले होते. राग अजून आहे, ताई. तो लपवून तुमचे आभार मानले तर ते अर्धेच होतील.

वर्गात आम्हाला सगळं शिकवलं होतं. देशाच्या आरोग्यसेवेवरचा भोर समितीचा १९४६चा अहवाल, प्राथमिक आरोग्यसेवेवरचा १९७८चा अल्मा आटाचा जाहीरनामा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला गेले आणि गावातल्या दलित, निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. नवजात बाळाला घरीच तपासता येतं, वाचवता येतं, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथूनच २०११ साली एचबीएनसी, म्हणजे नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेणं, देशभर गेलं : दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाने घरी जायचं. हे मी परीक्षेत धडाधड लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते. तोवर एकाही बाळंतिणीच्या घरात मी पाऊल टाकलं नव्हतं.

माझा विषयही त्याच भेटींचा होता. दिवाळीनंतर तुमच्याकडची घरंच्या घरं जगायला जातात, भिवंडीकडे, वसईकडे, वीटभट्ट्यांवर. तेव्हा या सहा भेटींचं काय होतं, हे मला बघायचं होतं. कागदावर सोपं वाटत होतं.

जूनमधला तो पहिला दिवस आठवतो. उपकेंद्राच्या पायरीवर तुम्ही मला नखशिखान्त पाहिलंत आणि म्हणालात, 'चपला बदल आधी, या घसरतील.' परवानगीचं पत्र मी पुढे केलं होतं, ते तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. त्याच दिवशी नऊ दिवसांच्या एका बाळाचे श्वास मोजायला तुम्ही मला बसवलंत. मी बाळाच्या नाकातोंडाकडे बघत होते आणि आकडा सारखा चुकत होता. 'पोटाकडे बघ,' तुम्ही म्हणालात. 'पूर्ण मिनिट मोज, अर्ध्याची दुप्पट करू नको. बाळ मध्येच थांबतं, मग भराभर घेतं.' मिनिटाला साठ किंवा जास्त म्हणजे धोका, हे मला पुस्तकातून माहीत होतं. अर्ध्या मिनिटाने फसगत कशी होते ते त्या झोळीशेजारी बसून कळलं. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस... मला त्या बाळाच्या पोटाची ती हालचाल आजही दिसते.

तुमच्या मोबदल्याबद्दलही लिहायचं आहे. या सहाही भेटी झाल्या की एका बाळामागे २५० रुपये. डोंगर उतरून, ओढा ओलांडून, कधी पावसात. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा गौरव केला, आमच्या विभागात त्या दिवशी टाळ्याही वाजल्या. पण २०२४च्या फेब्रुवारीत याच राज्यातल्या आशा मोबदल्यासाठी आझाद मैदानावर उन्हात बसल्या होत्या, तेव्हा आमच्या वर्गात त्यावर एक तासही झाला नाही. कामाला आरोग्यसेवेचा कणा म्हणायचं आणि कागदावर स्वयंसेविका म्हणून ठेवायचं, हे मला पटत नाही. शिकून बाहेर पडल्यावर मी जिथे असेन तिथे हे बोलणार आहे.

आता त्या दुपारबद्दल.

माझ्या यादीतलं सत्ताविसावं घर. सकाळपासून पाऊस होता. ती बाई दारातल्या उजेडाला बसून सुपात तांदूळ निवडत होती. उंबऱ्यावरच तुम्ही मला म्हणाला होतात, 'इथं मी बोलते.' मी ऐकलं नाही. प्रश्न जसा छापला आहे तसाच, त्याच क्रमाने, मुलाखत घेणाऱ्यानेच विचारायचा, असं आम्हाला बजावलेलं होतं आणि मी नियमाला धरून होते. संमतीपत्र वाचून दाखवलं, तिने अंगठा दिला. वय. शिक्षण. लग्नाला किती वर्षं. एकूण बाळंतपणं किती. ती म्हणाली तीन. आणि मग मी विचारलं, 'हयात अपत्यं किती?'

तिचा हात सुपात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, तुमच्याकडेही नाही. मला वाटलं, 'हयात' हा शब्द तिला कळला नसेल. म्हणून मी तोच प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

तेव्हा तुम्ही माझ्या फॉर्मवर तळहात ठेवलात.

काही बोलला नाहीत. डोळे वटारले नाहीत, मला कोपराने ढोसलं नाहीत. फक्त हात ठेवलात, पंजा पसरून, असा की खालचा एकही प्रश्न मला दिसू नये. पावसात वही भिजते म्हणून तुम्ही वजनं हातावर लिहून ठेवता. सकाळच्या बाळाचं वजन, २.१, निळ्या शाईत तुमच्या हाताच्या पाठीवर होतं. मी त्या आकड्याकडे बघत राहिले. मग दुसऱ्या हाताने तुम्ही भिंतीला टेकवलेलं सूप ओढलंत, तिच्या पुढ्यातले थोडे तांदूळ त्यात घेतलेत आणि खडे वेचायला लागलात. थोड्या वेळाने मीही पेन खाली ठेवलं. तिघींनी मिळून तांदूळ निवडले. कौलांवर पाऊस वाजत होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण तांदूळ संपत आले तेव्हा ती आपणहून बोलायला लागली.

ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. प्रबंधातही लिहिलेलं नाही.

परतीच्या वाटेवर मी तुमची माफी मागायला लागले, तर तुम्ही म्हणालात, 'कागद पळून जात नाही, बाय.' एवढंच. मग पुढच्या चढावर थांबून वही काढून दाखवलीत. दिवस ३, खूण. दिवस ७, खूण. दिवस १४, खूण. २१व्या दिवसाच्या जागी तुमच्या अक्षरात 'भट्टीवर'. पुढे काही नाही. आणि पानाच्या तळाशी, होळीला ती दोन दिवस पाड्यावर आली तेव्हा तिच्याकडून कळलेली तारीख. भट्टीच्या गावात ते बाळ कुणाच्या यादीत नव्हतं. इथल्या तक्त्यात 'स्थलांतरित' असा शेरा पडला की तिथेच ओळ संपत होती. त्या बाळाची तारीख जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती, तुमच्या वहीत, जी तुम्हाला ठेवायला कुणी सांगितलेली नाही आणि जिचे कुणी पैसे देत नाही.

'मग मला आधी का नाही दाखवलीत?' मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, 'तिचं आहे ते. तिनं सांगायचं.'

ताई, दोन वर्षं मी संशोधनातल्या नीतिमत्तेवर व्याख्यानं ऐकली. एथिक्स कमिटीचा अर्ज चार वेळा भरला. पण दुसऱ्याचं दुःख कुणाच्या मालकीचं असतं, हे मला कुठल्या अर्जात भेटलं नव्हतं.

परत आल्यावर गाइडनी तक्ता पाहिला आणि सत्ताविसाव्या ओळीवर पेनाने गोल केला. रिकामा रकाना चालत नाही म्हणाले. उत्तर तर तुला माहीत आहे ना, मग भर. माहीत होतं मला. ती नंतर जे बोलली त्यात सगळं होतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, लिहून घेण्यासाठी म्हणून ते तिने दिलं नव्हतं. मी तो रकाना रिकामा ठेवला. त्यावरून दोनदा बोलणी खाल्ली, प्रबंध तीन आठवडे अडला. त्या तीन आठवड्यांत रोज रात्री मला तुमचा हात आठवायचा, निळ्या शाईतल्या २.१ सकट. आणि रोज सकाळी मी ठरवायचे, आजही भरणार नाही.

काल बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. इथे उत्तर का नाही, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, विचारायची माझी वेळ चुकली होती, आणि सोबतच्या आशाताईंनी मला थांबवलं. त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'त्यांना माझा नमस्कार सांगा.' तर तो नमस्कारही या पत्रात आहे, ताई. तुमच्यासाठीच आहे.

भल्या माणसांची आठवण निघाली की एकातून दुसरी निघते. जव्हारहून पाड्याकडे येणारी वस्तीची एसटी आठवते. एकदा मी फाट्यावर धावत येत होते तेव्हा कंडक्टरकाकांनी घंटी न देता गाडी उभी ठेवली होती, आणि आतल्या एकानेही कुरकुर केली नव्हती. अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी आठवतात. कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी मूल रडवून लावायची नसते म्हणून त्या आधी ती स्वतःच्या दंडाला लावून मुलांना हसवायच्या, मग एकेक पोर आपणहून हात पुढे करायचं. मला नाचणीची भाकरी नीट थापता येत नाही म्हणून तुमच्या सासूबाई शेवटपर्यंत माझ्या वाटची भाकरी थापत राहिल्या. या कुणाच्या हुद्द्यात हे काम लिहिलेलं नव्हतं. ज्यांच्या हुद्द्यात मला मदत करणं लिहिलेलं होतं, त्यांच्या दारात मी सहा महिने उभी होते. हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये.

गेल्या आठवड्यात आत्याने विचारलं, 'हे सामुदायिक आरोग्य म्हणजे नक्की काय गं? तू डॉक्टर झालीस का?' पूर्वी मी व्याख्या सांगायचे. या वेळी तिला त्या दुपारचं सांगितलं, घराचं आणि बाईचं काही न कळू देता, फक्त तुमच्या हाताचं. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, 'त्या बाईंना साडी पाठव एक.' साडी घेतली आहे, ताई. हिरवी आहे. नाही म्हणायचं नाही.

होळीला येते आहे. प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी बांधून घेतली आहे. तिच्या ऋणनिर्देशाच्या पानावर मी शेवटची ओळ खोडली आहे आणि सगळ्यांच्या वर, विभागप्रमुखांच्याही वर, पेनाने तुमचं पूर्ण नाव लिहिलं आहे. ही एकच प्रत तशी आहे.

आणखी एक. भट्टीवरून ती आली असेल तर तिला विचाराल का, मी घरी आलेलं तिला चालेल का? कागद नसेल माझ्याकडे. ती नको म्हणाली तर मी तुमच्या ओट्यावरच बसेन.

तुमची,
घसरणाऱ्या चपलांची पोर