दादा, अप्पांच्या पायाबद्दल

दादा, वहिनी,
काल अप्पांच्या पायावरच्या शुगरच्या जखमेचा फोटो बघितला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर बोलले तर रडू येईल म्हणून लिहितेय, अप्पांनाही वाचून दाखव.

त्या ऑक्सिजनच्या चेंबरने अप्पांची जखम भरेल का असं तू विचारलंस ना, मी इथे ह्यूस्टनला त्याच कामावर नर्स आहे, रोज बघते. पेशंटला पारदर्शक नळकांड्यात झोपवतात, आत शुद्ध ऑक्सिजन, प्रेशर बाहेरच्या दोन-अडीच पट, दीड-दोन तास, आठवड्याला पाच दिवस, असं ३०-४० वेळा. त्याने रक्तात जास्तीचा ऑक्सिजन विरघळतो आणि जखमेपर्यंत पोचतो. विमानात बसतात तसे कानाला दडे बसतात, मग मी आवंढा गिळायला सांगते. तेल, अत्तर, मोबाईल काही चालत नाही, नुसता सुती गाऊन, कारण आत एक ठिणगी पडली तरी आग. आणि आत शुगर उतरते, म्हणून आधी बोटातून थेंब काढून बघतो, कमी असली तर ज्यूस पाजल्याशिवाय मी आत सोडतच नाही.

पण दादा, लगेच तिकडे पळू नकोस. इथलं मेडिकेअरसुद्धा (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) जखम खोलवर जाऊन आत पू झाला असेल किंवा हाडापर्यंत लागण पोचली असेल आणि ३० दिवस नीट उपचार करूनही फरक नसेल तरच पैसे देतं. स्वीडनच्या २०१० च्या अभ्यासात ९४ पेशंट होते, वर्षभरात चेंबरमध्ये ऑक्सिजन दिलेल्यांपैकी ५२ टक्क्यांची जखम भरली, चेंबरमध्ये नुसती हवा दिलेल्यांपैकी २९ टक्क्यांची. मग २०१८ ला नेदरलँड्समध्ये १२० जणांवर केला तर तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे काहींना उपयोग होत असेल, पण सगळ्यांना होईलच असं नाही.

आधी पायाचा डॉपलर कर, रक्त खाली पोचतंय का बघ, रक्तवाहिनी बंद असेल तर ती आधी मोकळी करायला लागेल. हाडाचा एक्स-रे काढ. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या पायावर वजन नको, अप्पा पहाटे उठून गोठ्यात त्याच पायावर बसून धारा काढतात, जखम भरणार कशी रे? त्यांना दुखत नाही म्हणून बरंय असं समजू नका, नसा बधिर झाल्यात, तो बाभळीचा काटा तीन दिवस पायात होता तरी कळला नव्हता. वजन जखमेवर पडणार नाही असं प्लास्टर किंवा बूट मिळतो का ते डॉक्टरांना विचार.

धारांचं तू बघ. उद्या उजेडात परत फोटो काढ, शेजारी रुपयाचं नाणं ठेव, म्हणजे साइज कळेल.

तुझी धाकटी