बटण दाबल्यावर कोसळणारे यंत्र

महोदय,

माणसासारखे हातपाय असलेले यंत्रमानव लवकरच कारखान्यांत आणि घरांत आपल्या शेजारी वावरू लागतील, अशा आशयाचे लेख अलीकडे वारंवार वाचनात येतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलमध्ये मी अनेक वर्षे फिटर होतो. या लेखांत नोकऱ्यांची चर्चा भरपूर असते. मात्र असे यंत्र ऐन वेळी थांबवायचे कसे, हे कोणी सांगत नाही.

पट्ट्यात एका कामगाराची बाही अडकली, तेव्हा मी लाल बटण दाबले आणि पट्टा जागच्या जागी उभा राहिला. वीज तोडली की धोका संपतो, या एका गृहीतावर आमची सारी सुरक्षितता अवलंबून होती. दोन पायांचे यंत्र मात्र क्षणोक्षणी तोल सावरत असते म्हणूनच उभे असते. त्याची वीज तोडली तर ते थांबत नाही, कोसळते, आणि साठ-पासष्ट किलोंचा तो भार शेजारी डाळ निवडत बसलेल्या बाईच्या अंगावर येऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगला अर्धमॅरेथॉनमध्ये २१ यंत्रमानव उतरले, त्यांतील ६ शेवटपर्यंत पोहोचले. तेही डांबरी रस्त्यावर, सोबत माणसे धावत असताना. आमच्या मिलमध्ये फरशीवर चुनी-भुशाचा थर असतो, त्यावर माणसाचाही पाय घसरतो. अमेरिकेतील गोदामात टोपल्या उचलणारा ‘डिजिट’ हा यंत्रमानवदेखील माणसांपासून वेगळ्या राखलेल्या जागेतच काम करत आला आहे. ही खबरदारी योग्यच आहे, पण तिला ‘शेजारी काम करणे’ म्हणता येणार नाही.

तोल सांभाळून चालणाऱ्या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत स्वतंत्र मानक तयार करण्याचे काम हाती घेतलेले आहे. आपल्याकडे मळणी यंत्रांसाठी धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ साली आला. तोवर कोपरापासून हात गेलेली माणसे मी आमच्याच तालुक्यात पाहिली होती. या वेळी नियम अपघातांच्या आधी यावा, म्हणून राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने असे यंत्र कारखान्यात आणण्यापूर्वी, वीज गेल्यावर ते कोणत्या बाजूला, किती अंतरात पडते याची चाचणी त्याच कारखान्याच्या फरशीवर, कामगारांच्या प्रतिनिधींसमक्ष घेणे बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर, जळगाव