पाच मिनिटं आधी निघ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथे कुणाला कुणाची पडलेली नाही." तुझा अनुभव खोटा नाही, पण त्यावरून माणसं आतून कोरडी झालीत असा जो निष्कर्ष तू काढलास, तो काही मला पटला नाही. मला वाटतं, बहुतेक जण फक्त घाईत असतात.

यावर एक जुना प्रयोग आहे, तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी तो अमेरिकेत प्रिन्स्टनला केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. धर्मगुरू व्हायला निघालेले ४० विद्यार्थी. प्रत्येकाने एका इमारतीतून दुसरीत जायचं आणि तिथे छोटंसं भाषण करायचं. काहींना सांगितलं, सावकाश जा, वेळ आहे. काहींना सांगितलं, उशीर झालाय, पळा. वाटेत एका दाराशी एक माणूस मान टाकून बसलेला, खोकणारा, कण्हणारा. अर्थात मुद्दाम बसवलेला. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला पुढे झाले. ज्यांना उशीर झाला होता त्यांच्यातले १० टक्के.

खरी गंमत पुढेच आहे. निम्म्या मुलांच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली ती गोष्ट, वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्या वाटसरूची. तरीही विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माणुसकीवर बोलायला निघालेली मुलं कण्हणाऱ्या माणसाला वळसा घालून गेली! तू हसशील, पण मला यातून धीर येतो. ती मुलं काही वाईट नव्हती. घड्याळ त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं, एवढंच.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी रुक्ष आहे: घरातून पाच मिनिटं आधी निघ. उशीर झालेल्या माणसाला लिफ्टकडे धावत येणारा दिसतच नाही. अडखळत बोलणाऱ्याचं वाक्य तो स्वतःच पुरं करून टाकतो. तू हे करतेस, बरं का. बाबांचं बोलणं तर तू निम्म्यातच तोडतेस. त्यांना शब्द आठवायला आताशा थोडा वेळ लागतो, तेवढा द्यायचा.

दुसरं असं की चार चांगले शब्द मनात ठेवून आपण कंजूषपणा करतो. "त्यांना काय वाटेल, उगाच अवघडल्यासारखं होईल" म्हणून गप्प बसतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा २०१८ चा अभ्यास आहे. त्यांनी लोकांना आपल्या माणसांना आभाराची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं त्यापेक्षा पत्र मिळालेल्यांना आनंद जास्त झाला आणि अवघडलेपण कमी वाटलं. तेव्हा कुणाचं काम आवडलं तर तिथल्या तिथे सांग, आणि नेमकं काय आवडलं तेही सांग. नुसतं "छान" म्हणणं म्हणजे पोचपावती फाडल्यासारखं आहे.

मदतीचंही तसंच. "काही लागलं तर सांग" हे वाक्य आपण सगळे म्हणतो. आजारी माणूस ते ऐकून "हो हो" म्हणतो आणि कधीच काही मागत नाही, कारण मागणं हेही एक कामच असतं. त्याऐवजी "चार वाजता येते, औषधाची चिठ्ठी काढून ठेव" असं म्हणावं. त्याला फक्त हो किंवा नको म्हणायचं राहतं. आणि मदत केल्यावर ती चारचौघांत बोलून दाखवू नये. घेणाऱ्याला ते ओझं होतं. फोटो काढून दान करणाऱ्यांबद्दल माझं मत तुला माहीत आहेच, ते इथे नको.

एक मात्र नीट लक्षात घे. चांगलं वागायचं म्हणजे सगळ्यांना हो म्हणत सुटायचं नाही. मी अशी गोड माणसं पाहिली आहेत जी "बघू, करू" म्हणत समोरच्याला महिनाभर टांगून ठेवतात. नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हण, म्हणजे त्याला दुसरी वाट शोधायला वेळ मिळतो. कुणाचे पैसे द्यायचे असतील तर त्याने मागायच्या आत देऊन टाक. एखाद्याची चूक दाखवायची झाली तर त्याला बाजूला घेऊन दाखव. यातलं काहीच कुणाच्या नजरेत भरत नाही. कौतुक होईल अशी अपेक्षाही धरू नकोस, कारण ज्याच्यासाठी केलंस त्यालाही बऱ्याचदा ते कळत नाही.

बाकी सगळं क्षेमकुशल. बाबांचा डोळा आता बरा आहे, ते स्वतः लिहिणार आहेत. त्यांचं पत्र लांबलचक असेल, पण शेवटपर्यंत वाच.

तुझी,
आई