तपासणी कार्डावर ‘ठीक’ लिहून विकलेल्या जुन्या चेनसॉबद्दल तक्रार

दि. १८ मे २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चेन ब्रेकचा पट्टा तुटलेला असताना ‘ठीक’ दाखवून जुनी पेट्रोल चेनसॉ विकल्याबाबत व पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातला मोसंबी बागायतदार. मार्च महिन्यात आपल्या ॲपवरून एक जुनी चेनसॉ घेतली. बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) १८ इंची, किंमत ९,८०० रुपये, वाहतुकीचे ६५० वेगळे. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘तज्ज्ञ मेकॅनिककडून तपासलेली, तीन महिन्यांची वॉरंटी, खास शेतकऱ्यांसाठी’. फोनवर आपल्या माणसांशी बऱ्याचदा बोलून झालं. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि पुन्हा पहिल्यापासून रामायण. म्हणून आता लेखी देतो आहे.

मशीन जुनी निघाली अशी माझी तक्रार नाही. जुनी म्हणूनच घेतली. नावाजलेली नवी मशीन तिप्पट-चौपट पैशांत जाते आणि वर्षातून एखादा हंगाम काम असणाऱ्याला ती झेपत नाही. आवाज जास्त येणार, पेट्रोल जरा जास्त खाणार, दोरी दोनदा जास्त ओढावी लागणार, हे धरूनच पैसे भरले होते. पार्सल उघडलं तेव्हा बॉडीला नवा केशरी रंग होता आणि सोबत एक छापील तपासणी कार्ड. त्यावर प्लग, कार्बोरेटर, ऑइल पंप, क्लच, चेन ब्रेक अशी नावं आणि प्रत्येकापुढे ‘ठीक’. खाली एक सही आहे, नाव नाही.

काम काय होतं तेही सांगतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली माझी बाग २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवलेली. ती आता डिंक्या आणि मूळकूज या रोगांनी गेली. पावसाआधी खोडं काढायची, जमीन तापू द्यायची आणि नवी लागवड करायची, असा बेत. वाळलेल्या मोसंबीचं लाकूड कुऱ्हाडीला दाद देत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात त्या कामाला मजूरही मिळत नाही. शिवाय आमच्या गावात माझ्यासारख्याच आणखी बागा वाळल्या आहेत. चार पैसे घेऊन त्यांचीही खोडं काढून द्यायचा विचार होता. हे लपवायचं कारण नाही. ॲपवर ‘वापर कशासाठी’ या रकान्यात मी तेच लिहिलं होतं.

गार असताना मशीन पहिल्या-दुसऱ्या ओढीत चालू व्हायची. पाच-दहा मिनिटं कापलं, तापली, की आपोआप रेस वर-खाली व्हायला लागायची आणि मग बंद. गरम असताना कितीही दोरी ओढा, हूं की चूं नाही. चालू असताना दुसरीच भानगड. एक्सिलेटर पूर्ण सोडला तरी चेन फिरतच राहायची. स्लोवर चेन जागेवर थांबायला पाहिजे, एवढं कुठल्याही चेनसॉच्या माहितीपुस्तकात असतं. हे आपल्या प्रतिनिधीला सांगितलं तर उत्तर आलं, “सर, जुनी मशीन आहे, थोडी फिरणारच.”

या ‘थोड्या फिरण्यानं’ काय केलं ते ऐका. एका झाडाच्या बेचक्यात कापताना बारच्या टोकाचा वरचा भाग आतल्या फांदीला लागला. टोक असं लागलं की बार उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतो, त्याला किकबॅक म्हणतात, आणि चेन ब्रेक असतो तो याच वेळेसाठी. झटक्यानं हाताचा मागचा भाग पुढच्या हँडगार्डला लागतो, गार्ड पुढे ढकललं जातं आणि क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा आवळून चेन डोळ्याचं पातं लवायच्या आत थांबते. इथे गार्ड पुढे गेलं. ‘टक्’ असा आवाजही आला. एक्सिलेटरवरचं बोट सुटलेलं होतं. तरी चेन फिरत होती. मांडीवरची पँट वीतभर फाटली. कातडीला लागलं नाही. सालगडी चार हात लांब उभा होता, त्यानं तिथल्या तिथं सांगितलं, “मालक, ह्या मशीनला मी हात लावणार न्हाई.” त्याचं काही चुकलं नाही.

मोंढ्याजवळ फवारणी पंप आणि चेनसॉ दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे मशीन उघडली, आणि उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ काढला. आपल्या तज्ज्ञांनी तो जरूर पाहावा.

ब्रेकच्या पट्ट्यावर एक छोटी पत्र्याची प्लेट असते. तिच्या स्क्रूंच्या खाचा आपल्या केशरी रंगानं गच्च भरलेल्या होत्या. पाना बसेना, म्हणून मिस्त्रींनी दाभणानं रंग कोरून काढला. म्हणजे मशीन रंगवल्यापासून ती प्लेट कोणीही उघडलेली नव्हती, मीही नाही आणि आपल्या तपासणीसानंही नाही. प्लेट निघाली आणि आत पट्टा दोन तुकड्यांत. तुटलेल्या टोकांवर तांबूस गंज, वर भुसा आणि तेलाचा जुना काळा थर. ताजं तुटलेलं पोलाद चकचकीत दिसतं, हे मला मिस्त्रींनी सांगायची गरज नव्हती. स्प्रिंग आणि खटका तेवढे शाबूत होते, म्हणून ‘टक्’ वाजायचं. आपल्या माणसानं गार्ड पुढे-मागे केलं असेल, आवाज ऐकला असेल आणि ‘ठीक’ लिहून मोकळा झाला असेल. चेन फिरवून ब्रेक लावून पाहायला किती वेळ लागतो?

मग सायलेन्सर काढून आत पाहिलं. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, आणि ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर पॉलिश पेपर घासल्याच्या तिरप्या बारीक रेघा. कोणीतरी पिस्टन एकदा धरल्यावर, म्हणजे जाम झाल्यावर, ब्लॉक घासून, नव्या रिंगा टाकून मशीन परत बांधली होती. दाब मोजला तर गेजचा काटा ९५ च्या पुढे जाईना. चांगल्या मशीनला तो दीडशेच्या आसपास असतो. पिस्टन का धरला असेल याचं उत्तर चुंबकाच्या चाकामागे मिळालं. क्रँकचं ऑइल सील कडक होऊन फाटलेलं. टू-स्ट्रोक इंजिनला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलबरोबर जाईल तेवढंच. सीलमधून जास्तीची हवा आत ओढली गेली की पेट्रोल कमी पडतं, पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन कोरडा घासतो.

आता खरी मेख. सील फाटलेलं असल्यामुळे ही मशीन स्लोवर टिकत नव्हती, बंद पडायची. सील बदलायचं तर इंजिन खोलावं लागतं. त्याऐवजी कोणीतरी स्लोचा स्क्रू आवळून रेस वाढवून ठेवली. रेस वाढली की क्लचचे गट्टे उघडतात आणि चेन फिरायला लागते. म्हणजे एक दोष झाकायला दुसरा तयार केला, आणि त्या दुसऱ्यापासून वाचवणारा ब्रेक आत आधीच तुटलेला. हा जुनेपणा नव्हे. जुनेपणा आपोआप येतो, स्क्रू मात्र कोणीतरी हातानं फिरवावा लागतो.

चेनबद्दल जास्त लिहीत नाही. बारची खाच १.५ मिमीची आणि बसवलेली चेन १.३ मिमीची, त्यामुळे चेन आडवी कलते आणि काप वाकडा जातो. बाकीचं नीट असतं तर नवी चेन आणून गप्प बसलो असतो.

आपल्या विभागानं आतापर्यंत दिलेल्या उत्तरांकडे वळतो. पहिलं, ‘पेट्रोलमध्ये ऑइल कमी टाकलं असेल’. टाकीवर आपणच ५०:१ चं स्टिकर लावलं आहे. त्याप्रमाणे एका लिटरला २० मिली २टी ऑइल मापाच्या बाटलीनं मोजून टाकलं, ऑइलची पावती जोडली आहे. दुसरं, ‘इथेनॉलच्या पेट्रोलमुळे सील खराब होतात’. होतही असतील, पण आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचंच, पेट्रोल मिळतं, आमच्या गावासाठी वेगळी टाकी येत नाही. ते पेट्रोल या मशीनला चालत नसेल तर विकताना तसं सांगायचं होतं. आणि इथेनॉलनं ब्रेकचा पोलादी पट्टा तुटतो का, याचंही उत्तर द्यावं.

तिसरं, ‘ब्रेक हा झिजणारा भाग, वॉरंटीत येत नाही’. चेन झिजते, फिल्टर बदलावा लागतो, हे मान्य. पण वॉरंटी बाजूला ठेवा. तुटलेल्या भागापुढे ‘ठीक’ लिहिलं त्याचं काय? चौथं उत्तर तर चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं असं. मी झाडतोडीची वनखात्याची परवानगी दाखवावी, मग वॉरंटीचा विचार करू! महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्यानं सागवान, चिंच, आंबा, मोह अशी ठरावीक झाडं तोडायला परवानगी लागते. मोसंबी त्या यादीत नाही. आणि ती असती तरी त्याचा तुटलेल्या ब्रेकशी काय संबंध?

पाचवं उत्तर ईमेलवर आलं : ‘आपला वापर व्यावसायिक असल्याने आपण ग्राहक ठरत नाही.’ ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली ग्राहकाची व्याख्या, म्हणजे कलम २(७), खालच्या स्पष्टीकरणासकट वाचावी. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू तिथे ‘व्यावसायिक हेतू’तून वगळली आहे. त्याच ईमेलमध्ये ‘वाद झाल्यास न्यायक्षेत्र पुणे’ असंही लिहून पाठवलंत. याच कायद्यानं ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे माझ्या बाबतीत जालन्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्कही नाही. आपण ॲपवरून विक्री करता, तेव्हा २०२० चे ई-कॉमर्स नियम आपल्याला माहीत असतीलच : तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात.

माझं मागणं असं. मशीनचे ९,८०० आणि वाहतुकीचे ६५० मिळून १०,४५० रुपये परत द्यावेत, शिवाय मिस्त्रींचं उघडणी-तपासणीचं ४०० रुपयांचं बिल द्यावं. बदली मशीन नको, दुरुस्तीही नको. ज्या टेबलावर हे कार्ड भरलं गेलं त्याच टेबलावरून आलेली दुसरी मशीन मी हातात घेणार नाही. आणि पैशांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे : त्याच सहीची कार्डं लावून आपण जेवढ्या चेनसॉ विकल्या असतील त्या सगळ्या ग्राहकांना फोन करून ब्रेक तपासायला सांगावं. ग्राहकाला घरीही पाहता येतं. मशीन जमिनीवर घट्ट धरून चालू करायची, चेन फिरत असताना मनगटानं गार्ड पुढे ढकलायचं, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. नुसता आवाज येऊन भागत नाही. या फोनांचं काय केलं ते मला लेखी कळवावं. पोच आणि निवारण नियमांतल्या मुदतीत आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा आयोगाकडे जाईन.

मशीन उघडलेल्या अवस्थेत शेतातल्या आखाड्यावर कुलपात आहे. पट्ट्याचे दोन्ही तुकडे आणि फाटलेलं सील वेगळ्या पिशवीत बांधलं आहे. कुरिअरवाल्याच्या हाती यातलं काही देणार नाही. आपला माणूस पाठवावा, मिस्त्रींसमोर एक-एक भाग पाहून त्यानं पावतीवर नावासकट सही करावी आणि माल घेऊन जावा. बुधवार सोडून कोणत्याही दिवशी चालेल. बुधवारी मिस्त्रींचं दुकान बंद असतं.

आपला,
(सही)
ता. अंबड, जि. जालना

सोबत : बिलाची व तपासणी कार्डाची प्रत, २टी ऑइलची पावती, मिस्त्रींचं बिल, फोटो आणि व्हिडिओचा पेनड्राइव्ह.